इंजिन बांधावे की बदलावे?



या व्यासपीठावर संतवाङ्मय, अर्थकारण, ग्रहतारे अशा विषयांवर बोलणारी विद्वान माणसे आपण ऐकली आहेत. मी सातवीत शाळा सुटलेला मनुष्य आहे. १९८२ च्या जानेवारीत मुंबईच्या गिरण्यांचा संप सुरू झाला तेव्हा माझे वडील साचेखात्यात होते. त्यांच्यासाठी गिरणीचा दरवाजा पुन्हा उघडला नाही, आणि तेरा वर्षांचा मी कुर्ल्याच्या एका गॅरेजात रॉकेलमध्ये सुटे भाग धुण्याच्या कामाला लागलो. तेथे नऊ वर्षे काढली. मोटारीचे एक इंग्रजी दुरुस्तीपुस्तक आणि रद्दीत मिळालेला एक शब्दकोश, एवढ्या भांडवलावर मी इंग्रजी वाचायला शिकलो, त्यामुळे माझ्या इंग्रजीला आजही ग्रीसचा वास येतो. पुढे वाहनचालकांच्या संघटनेचे काम अंगावर पडले आणि पाना हातातून सुटला. परंतु प्रश्न सुटले नाहीत. संघटनेच्या कचेरीत पगार, परवाना, दंड यांच्याबरोबर एक प्रश्न दर आठवड्याला हमखास येतो: "गाडीचं इंजिन गेलं म्हणतात. बांधू की बदलू?"

प्रश्न साधा दिसतो. पण टॅक्सीवाल्याच्या घरी तो मुलीच्या कॉलेजच्या फीशी जोडलेला असतो, आणि आपल्यापैकी ज्यांनी निवृत्तीच्या पैशांतून जुनी मोटार घेतली आहे त्यांच्या घरीही तो काही कमी जड नसतो. म्हणून आज त्याचीच फोड करणार आहे. प्रथमच सांगून ठेवतो की माझा स्वतःचा कल दुरुस्तीकडे आहे. बांधलेल्या इंजिनाचा पैसा लेथवाल्याच्या, मिस्त्र्याच्या, हाताखालच्या पोराच्या हातात जातो, आणि ते पाहून मला बरे वाटते. हा कल माझ्या बोलण्यातून वजा करून ऐकावे. तो वजा न केल्यामुळे एकदा काय झाले तेही पुढे सांगेन.

इंजिन झिजते म्हणजे काय होते? ज्या इंजिनावर मी हात काळे केले त्याचेच उदाहरण घेतो. वालचंद हिराचंदांच्या प्रीमिअर ऑटोमोबाइल्सच्या कुर्ल्याच्या कारखान्यातून बाहेर पडणारी फियाट, म्हणजे पुढची पद्मिनी. तिच्या इंजिनात चार नळकांडी, प्रत्येकाचा व्यास ६८ मिलिमीटर, आणि पिस्टनची वरखाली धाव ७५ मिलिमीटर. चारही नळकांड्यांचे आकारमान मिळून १०८९ घनसेंटिमीटर. इंजिन मिनिटाला ३००० फेरे घेत असेल तर पिस्टन सेकंदाला ५० वेळा वर जातो आणि ५० वेळा खाली येतो. एका फेऱ्यात तो दीडशे मिलिमीटर चालतो, म्हणजे सेकंदाला साडेसात मीटर. हिशेब केला तर ताशी २७ किलोमीटर. रस्त्यावर सायकलवाला क्वचितच गाठतो तेवढ्या वेगाने हा पिस्टन एका वीतभरही नसलेल्या खोलीत, दर वेळी टोकाला थांबून, येरझाऱ्या घालत असतो. त्याच्या अंगावर रिंगा असतात. वरच्या रिंगा जळत्या वायूला अडवतात, खालची रिंग भिंतीवरचे जादा तेल खरवडून खाली पाठवते. रिंग आणि भिंत यांच्यामध्ये तेलाचा पातळ पापुद्रा असतो. सारा संसार त्या पापुद्र्यावर चालतो.

तो पापुद्रा सर्वांत कमी कोठे असतो? वरच्या टोकाला. तेथे पिस्टन क्षणभर थांबतो, म्हणून तेल ताणले जात नाही. तेथेच स्फोट होतो, म्हणून उष्णता आणि दाब अधिक. साहजिकच नळकांडे वरच्या बाजूला जास्त झिजते, खाली कमी. शिवाय कनेक्टिंग रॉड तिरका होऊन पिस्टनला एका कुशीवर रेटतो, त्यामुळे त्या बाजूला झीज अधिक. गोल नळकांडे असे वरून रुंद आणि अंडाकृती होते. हेड उघडल्यावर नळकांड्याच्या तोंडाशी, रिंग जेथवर पोहोचत नाही तेथे, न झिजलेली एक कड राहिलेली दिसते. तिच्यावर नख अडकले की जुना मिस्त्री मान हलवतो. नखाची परीक्षा वाईट नाही, पण ती पुरेशी नाही. बोअर गेज घालून वर, मध्ये, खाली आणि आडवे-उभे मोजलेले आकडे कागदावर यायला हवेत. कागद मागायला लाजू नये.

येथे एक गोष्ट ऐकून पुष्कळांना नवल वाटते. रोज शंभर किलोमीटर फिरणारी टॅक्सी आणि रोज दहा मिनिटे बाजारापुरती निघणारी घरची मोटार यांत, प्रत्येक किलोमीटरमागे, घरच्या मोटारीचे इंजिन अधिक झिजते. इंजिन थंड असताना तेल भिंतींवर पोहोचलेले नसते, जादा पेट्रोल आत येऊन उरलेसुरले तेल धुऊन नेते, आणि ज्वलनातली वाफ थंड भिंतीवर दवासारखी बसून आम्ले तयार करते. टॅक्सी सकाळी एकदा तापते ती रात्रीपर्यंत तापलेलीच असते. तेव्हा "माझी गाडी फक्त चाळीस हजार चालली आहे, इंजिन जाईलच कसं?" असे जे गृहस्थ विचारतात त्यांना उत्तर द्यावे लागते की, गाडी किती चालली यापेक्षा ती किती वेळा थंडीतून उठली हे विचारा.

आता निदानाकडे वळू. माझ्या अनुभवात सर्वांत जास्त पैसा येथेच बुडतो. गाडी ओढत नाही, तेल खाते, धूर सोडते; एवढ्यावरून "फुल इंजिन" सांगणारे मिस्त्री आहेत. धूर निळा असेल तर तेल जळते आहे. काळा असेल तर इंधन जास्त येते आहे, आणि त्यासाठी इंजिन उघडण्याचे कारण नाही. थंड सकाळी थोडा पांढरा धूर ही नुसती वाफ असते, पण इंजिन तापल्यावरही दाट पांढरा धूर येत राहिला आणि रेडिएटरचे पाणी कमी होऊ लागले, तर पाणी नळकांड्यात शिरते आहे असे समजावे. निळ्या धुरातही भेद आहे. उतारावर ॲक्सिलरेटर सोडून गाडी आली आणि पुन्हा पाय देताच निळा लोट निघाला, तर बहुधा वॉल्व्हच्या दांड्यांवरची रबरी सीले गेलेली असतात. ते स्वस्त काम आहे. चढावर, ओझ्याखाली सतत निळा धूर येत असेल आणि तेल भरायचे झाकण काढल्यावर तेथून भपकारे येत असतील, तर संशय रिंगांवर आणि नळकांड्यांवर.

संशयावर इंजिन उघडू नये. त्यासाठी कॉम्प्रेशन गेज नावाचे एक साधे घड्याळ असते. इंजिन तापवून, सगळे प्लग काढून, ॲक्सिलरेटर पूर्ण दाबून, एकेका नळकांड्याला ते लावायचे आणि स्टार्टर फिरवायचा. आकडा किती असावा हे त्या त्या इंजिनाच्या पुस्तकात दिलेले असते. पण पुस्तक नसले तरी चारही आकडे एकमेकांजवळ आहेत की नाहीत हे पाहता येते. एखादा आकडा इतरांहून दहा-पंधरा टक्क्यांनी खाली असला तर तेथे काहीतरी आहे. मग त्या नळकांड्यात चमचाभर इंजिन ऑइल सोडायचे आणि पुन्हा मोजायचे. आकडा वर चढला तर गळती रिंगांतून होती, कारण तेलाने ती थोडा वेळ बुजवली. आकडा जागचा हलला नाही तर गळती वरच्या बाजूला आहे, वॉल्व्हमध्ये किंवा हेडच्या गॅस्केटमध्ये. शेजारशेजारची दोन नळकांडी एकदम पडली असतील तर त्यांच्यामधले गॅस्केट जळलेले असण्याचा संभव मोठा.

काही वर्षांपूर्वी आमचा एक तरुण सभासद कचेरीत आला. सीएनजीवर चालणारी टॅक्सी, गाडी झटके देत होती, आणि एका मोठ्या गॅरेजने पूर्ण इंजिनाचा अंदाज हातात ठेवला होता. तो कर्जाच्या अर्जावर माझी शिफारस घ्यायला आला होता. मी म्हटले, "अर्ज ठेव बाजूला, आधी गेज लावू." जुन्या ओळखीच्या मिस्त्र्याकडे गेलो. आकडे आले १५५, १५०, ८०, १५०. तिसऱ्यात चमचाभर तेल टाकले. काटा पुन्हा ऐंशीवर. पोराला काही कळेना. मिस्त्री मात्र हसला. सीएनजी हे कोरडे इंधन. वॉल्व्ह ज्या कड्यावर बसतो ते कडे त्याने हळूहळू खचते, टॅपेटमधली फट मिटत जाते, वॉल्व्ह पुरता बसेनासा होतो आणि शेवटी त्याची कडा जळते. ज्यांनी वेळोवेळी टॅपेट तपासले नाहीत अशा कितीतरी गाड्यांचे हे दुखणे. फक्त हेड उतरले, दोन वॉल्व्ह आणि कडी बदलली, आणि सांगितलेल्या अंदाजाच्या चौथ्या हिश्श्याहून कमी पैशांत गाडी रस्त्यावर आली. कर्जाचा अर्ज त्याने माझ्यासमोर फाडला.

बरे, निदान झाले, आणि नळकांडी खरोखरच झिजली आहेत असे ठरले. आता बांधणे म्हणजे काय ते पाहू. आमच्या गॅरेजात दोन शब्द होते. हेड, रिंगा आणि गरज पडली तर पिस्टन एवढेच करणे म्हणजे हाफ इंजिन. ब्लॉक लेथवर नेऊन बोअर करणे आणि क्रँक घासणे म्हणजे फुल इंजिन. अंडाकृती झालेल्या नळकांड्यात नुसत्या नव्या रिंगा घालणे हे झिजलेल्या चपलेला नवा अंगठा लावण्यासारखे आहे. चार दिवस बरे वाटते. गोल रिंग अंडाकृती भोकात कशी बसणार? म्हणून नळकांडे कापून मोठे आणि गोल करतात, आणि त्याच्या मापाचे मोठे पिस्टन घालतात. जुन्या इंजिनांना दहा, वीस, तीस अशी मापे चालत, म्हणजे इंचाचा हजारावा भाग धरून दहा, वीस, तीस भाग मोठे. नव्या गाड्यांना पाव आणि अर्धा मिलिमीटर अशी मापे मिळतात, मिळत असतील तर. शेवटच्या मापापर्यंत बोअर झालेल्या ब्लॉकला आतून लाइनर ठोकून पुन्हा मूळ मापावर आणता येते. बिडाच्या जाड ब्लॉकची हीच थोरवी होती. त्याला दोन-तीन जन्म मिळत.

आजच्या पुष्कळ इंजिनांची गोष्ट निराळी आहे. वजन कमी करण्यासाठी ब्लॉक अ‍ॅल्युमिनियमचा असतो, आत बिडाचा पातळ लाइनर ओतलेला असतो किंवा भिंतीवर कठीण धातूचा नुसता लेप असतो. असल्या लेपावर नेहमीचे बोअरिंग चालत नाही. काही कंपन्या मोठ्या मापाचे पिस्टन विकतच नाहीत. त्या म्हणतात, अख्खा खालचा भाग, म्हणजे ब्लॉक, क्रँक आणि पिस्टन एकत्र असलेला शॉर्ट ब्लॉक घ्या. तेव्हा पहिली चौकशी करायची ती मिस्त्र्याकडे नव्हे, सुट्या भागांच्या दुकानात. मुंबईत असाल तर कुर्ल्याला, पुण्यात असाल तर नाना पेठेत जाऊन विचारा की या इंजिनाचे मोठ्या मापाचे पिस्टन, रिंगा आणि क्रँकची बेअरिंगे मिळतात का आणि कोणत्या कंपनीची. उत्तर नाही असे आले तर अर्धा प्रश्न तेथेच सुटला.

बदलण्याचेही तीन प्रकार. कंपनीचे नवे इंजिन किंवा शॉर्ट ब्लॉक. कोणीतरी आधीच बांधून ठेवलेले इंजिन, जे आपले जुने देऊन घ्यायचे. आणि मोडीत निघालेल्या गाडीतून उतरवलेले जुने. पहिले महाग आणि निर्धास्त. दुसऱ्याची किंमत बांधणाऱ्याच्या प्रामाणिकपणाइतकी. तिसरे म्हणजे लग्नाला उभ्या असलेल्या अनोळखी मुलाचे स्थळ. सांगितलेले खरेही असेल. जुने इंजिन घेताना दुकानदाराला ते जमिनीवरच स्टार्टर लावून फिरवायला सांगा आणि कॉम्प्रेशन मोजा. तेलाचे झाकण उघडून आत पाहा. चहाच्या सायीसारखा थर दिसला तर तेलात पाणी गेले आहे. आणि पावती घ्या, जिच्यावर इंजिनाचा नंबर असेल. पावतीवाचून घेतलेले इंजिन चोरीच्या गाडीतले निघाले तर पोलीस दुकानदाराला नंतर शोधतील, आधी आपल्याला.

कागदाचे ओघात आले म्हणून सांगून टाकतो. इंजिनाचा नंबर आर.सी. पुस्तकात असतो. १९८८ च्या मोटार वाहन कायद्याच्या ५२ व्या कलमाखाली इंजिन बदलल्याची नोंद परिवहन कार्यालयात करावी लागते. तेच इंजिन बांधले तर नंबर तोच राहतो आणि ही यातायात पडत नाही. नोंद न करणाऱ्याला अपघातानंतर विमा कंपनीच्या दारात ती आठवते. जुन्या गाडीत निराळ्या जातीचे इंजिन बसवण्याच्या भानगडीत तर सामान्य माणसाने पडूच नये. आजच्या गाडीत इंजिनाबरोबर कॉम्प्युटर, तारा, सेन्सर, चावीचे कुलूप यांचे सारे गोत्र जुळावे लागते.

आता पैशांचा हिशेब. मी आकडे घेतो ते केवळ समजुतीसाठी, बाजारभाव म्हणून नव्हेत. आपापले आकडे आपण घालावेत. समजा, नीट बांधायला ६०,००० रुपये लागतात आणि बारा दिवस गाडी उभी राहते. चालकाची दिवसाची निव्वळ कमाई हजार धरली तर खर्च ७२,००० झाला. असे इंजिन दीड लाख किलोमीटर चालले तर किलोमीटरला ४८ पैसे पडले. मोडीतले इंजिन ४०,००० ला, तीन दिवसांत बसले, म्हणजे ४३,०००; ते ५०,००० किलोमीटर चालले तर ८६ पैसे. नवे १,२०,००० ला, चार दिवसांत, म्हणजे १,२४,०००. दोन लाख किलोमीटर चालले तर ६२ पैसे. येथवर बांधणारा जिंकला. लोक बहुधा येथेच हिशेब थांबवतात, किंवा त्याच्याही आधी, नुसत्या पहिल्या किमतीवर.

पण गाडी उरली किती? पत्रा गंजला आहे, परवान्याची मुदत संपत आली आहे, आणि गाडी पुढे साठ हजारच चालणार आहे, असे समजा. मग त्याच ७२,००० ला साठ हजारांनी भागायचे: किलोमीटरला १ रुपया २० पैसे. नव्या इंजिनाचे दोन रुपयांच्या वर जातात. मोडीतले मात्र ८६ पैशांवरच उभे आहे. शेवटचे दहा हजार किलोमीटर त्याच्याकडून होणार नाहीत एवढेच. म्हणजे सगळ्यांत वाईट ठरलेले आता सगळ्यांत बरे ठरले. इंजिनाचे आयुष्य आणि गाडीचे आयुष्य यांत जे लहान असेल त्याने भागायचे, हा त्या हिशेबातला कळीचा मुद्दा आहे.

हा मुद्दा मला पुस्तकाने शिकवला नाही. २०११ साली आमच्या स्टँडवरचे एक ज्येष्ठ चालक, ज्यांना सारे अण्णा म्हणत, त्यांची १९९२ ची पद्मिनी तेल पिऊ लागली. गेज लावले, चारही नळकांडी खाली, तेल टाकल्यावर चारही वर. नळकांडी गेली होती यात संशय नव्हता. त्यांच्यापुढे दोन वाटा होत्या. कोणाच्या तरी मोडीत निघालेल्या टॅक्सीचे इंजिन थोडक्यात बसवावे, किंवा पुरते बांधावे. त्या वेळी टॅक्सीला २५ वर्षांची मर्यादा होती, म्हणजे अण्णांच्या गाडीला २०१७ पर्यंत सहा वर्षे. मी हिशेब मांडला आणि म्हणालो, "अण्णा, बांधा. सहा वर्षं बघायला नको." ते म्हणाले, "तू म्हणतोस तर बांधतो." पतपेढीचे कर्ज काढले. इंजिन बांधणाऱ्याने काम इतके सुरेख केले की मी स्टँडवर बॉनेट उघडून इतरांना दाखवत असे.

२०१३ साली मर्यादा २० वर्षांवर आली. अण्णांची गाडी एकवीस वर्षांची होती.

कर्जाचे हप्ते गाडीपेक्षा जास्त दिवस चालले. कचेरीत येऊन ते बसले तेव्हा मला वाटले होते की बोलतील. ते एवढेच म्हणाले, "इंजिन अजून चांगलंय रे." ते इंजिन किलोच्या भावाने गेले. त्या गाड्यांचे सुटे भाग मागणारे कोणी उरणार नव्हते. मी नंतर पुष्कळ दिवस स्वतःला समजावले की सरकार काय करणार हे मला कसे ठाऊक असणार. पण वयोमर्यादा नावाची गोष्ट नुकतीच, २००८ साली आली होती, आणि एकदा आलेली मर्यादा पुन्हा खाली येऊ शकते हे संघटनेच्या माणसाला न कळायला काय झाले? मला कळायचे नव्हते. बांधण्याचे काम मला आवडत होते, आणि मी माझ्या आवडीला हिशेबाचे कपडे घातले. तेव्हापासून कोणी विचारले तर मी उरलेल्या मुदतीतून दोन वर्षे आधी कापतो आणि मग भागाकार करतो. खासगी मोटारीची नोंदणी १५ वर्षांची आणि मग पाच-पाच वर्षांनी नूतनीकरण, हे धरून तेथेही अशीच काटछाट करावी.

एवढे करूनही बांधायचेच ठरले, तर काही गोष्टी गाडीच्या मालकाने डोळ्यांनी पाहाव्यात. पहिली म्हणजे इंजिन मेले कशाने. वयाने झिजले असेल तर ठीक. पण रेडिएटर तुंबून तापले, थर्मोस्टॅट अडकला, एअर फिल्टर फाटून धूळ आत गेली, असे असेल तर बांधलेले काय आणि नवे काय, दोन्ही त्याच वाटेने जाणार. आमच्या गॅरेजात एका गाडीचे इंजिन वर्षात दोनदा बांधले गेले, आणि दोन्ही वेळा रेडिएटर जुनाच होता. मालकाने मिस्त्र्याला शिव्या दिल्या. मिस्त्र्याने दोन्ही वेळा रेडिएटर सांगितला होता.

दुसरी, पिस्टन आधी आणायचे आणि बोअर नंतर करायचे. प्रत्येक पिस्टन मोजून त्याच्या मापाने नळकांडे कापायचे असते. दोहोंमधली फट माणसाच्या केसापेक्षाही कमी असते. तेथे "साधारण वीस साइज मार" असे सांगून चालत नाही. बोअरनंतर होनिंग करून भिंतीवर एकमेकींना छेदणाऱ्या बारीक रेघा काढतात, त्या रेघांत तेल टिकते. आणि त्यानंतरचे काम सर्वांत साधे व सर्वांत जास्त चुकवले जाणारे: ब्लॉक गरम पाण्याने आणि साबणाने धुणे. रॉकेलने धुतले तर होनिंगच्या दगडाची बारीक पूड रेघांतच बसून राहते आणि नव्या रिंगांना कानशीसारखी खाते. मी लहान असताना उस्ताद पांढरे फडके नळकांड्यात फिरवत आणि माझ्यापुढे धरत. फडके करडे झाले की पुन्हा धू. एका ब्लॉकला मी सात वेळा धुतल्याचे आठवते, डिसेंबरात, आणि मनातल्या मनात उस्तादांच्या सात पिढ्यांचा उद्धार केला होता. धुऊन झाल्यावर लगेच तेल चोपडायचे, नाहीतर बीड पाहता पाहता गंजते.

तिसरी, हेड आणि ब्लॉक यांना भेगा नाहीत ना, हे पैसे खर्च करण्याआधी तपासायचे, नंतर नव्हे. तापून वाकलेले हेड फेस करता येते, पण त्यालाही सीमा असते. भेग निघाली तर तेथेच थांबून हिशेब नव्याने मांडावा. "आता एवढं केलंच आहे तर" या वाक्याने जेवढी घरे बुडाली तेवढी जुगाराने बुडाली नसतील. आणि काढलेले सर्व जुने भाग पिशवीत भरून परत मागावेत, तेल-पंपासकट.

शिवाय, निळा धूर सोडणारी गाडी "चालतंय तोवर चालू दे" म्हणून वर्षभर रेटण्याची सवय आता महागात पडते. नव्या गाड्यांच्या धुराड्यात धूर स्वच्छ करणारा कॅटॅलिटिक कन्व्हर्टर असतो, त्यात मौल्यवान धातू असतात. जळलेल्या तेलातली द्रव्ये त्यावर बसून तो निकामी करतात, आणि मग इंजिनाच्या खर्चात त्याचीही भर पडते.

इंजिन बांधून गाडी हाती आली की पहिले हजार किलोमीटर तिचे बाळंतपण. रिंगा अजून भिंतीशी जुळलेल्या नसतात. फार जोरात पळवू नये, ओझे लादू नये. पण फार जपूनही चालवू नये. उभ्या जागी तासन्‌तास नुसती चालू ठेवलेली गाडी आणि एकाच वेगाने रखडणारी गाडी, दोहोंत रिंगांवर पुरेसा दाब येत नाही, भिंत चकचकीत होते आणि गाडी जन्मभर तेल खाते. वेग कमीजास्त करत, मधूनमधून थोडा जोर देऊन पाय सोडत चालवावी. पाचशे किलोमीटरला तेल बदलावे. महाग तेल ओतून देताना हात थरथरतो, पण बदलावे. निघालेले तेल स्वच्छ परातीत घ्या आणि तीतून एक चुंबक फिरवा. करड्या बारीक धुळीची लव लागली तर ती नव्या रिंगा बसू लागल्याची आहे. चमकणारे, बोटाला टोचणारे कण दिसले तर नवे तेल न भरता त्याच दिवशी, परातीसकट, मिस्त्र्याकडे जावे.